लेका, याचा धंदा कर!

जिन्यात नाना दिसले की हातातली वस्तू पाठीमागे लपवायची, हे मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत राहून शिकलोय. मागे एकदा दसऱ्यानंतर बांबूच्या कामट्या घेऊन वर चाललो होतो. आता सहा फुटी कामट्या लपवणार कुठं? पहिल्या मजल्यावरच सापडलो.

"कंदील? स्वतः करतोस? लेका, मग याचा धंदा का करत नाहीस?"

नाना बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. नोकरीभर लोकांचे धंद्यासाठीचे अर्ज त्यांनी त्रुटी काढून परत पाठवले. आता, बहुधा प्रायश्चित्त म्हणून, ज्यांनी कधी अर्जच केला नाही अशांना ते धंद्याला लावत फिरतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तोंडात असतानाच म्हणतात, "वहिनी, एका द्रोणाचे 20 रुपये कुठं गेले नाहीत." समोरची मुलगी आंघोळ करताना जरा सुरात गायली, की संध्याकाळी तिच्या आईला क्लासच्या फीचा आकडा ऐकावा लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांच्या बाराव्याला त्यांनी मठ्ठ्याचा दुसरा पेला संपवला आणि आचाऱ्याला बाजूला घेतलं, "हा बाटलीत भर." अण्णांचे चिरंजीव शेजारीच डोळे पुसत उभे होते.

यात दुष्टपणा काही नाही. ही त्यांची दाद आहे. कुणी 'वा' म्हणतं, कुणी मान डोलावतं, नाना भाव काढतात.

शिवाय त्यांच्याकडे दाखले तयार असतात. "गिरगाव, 1959. सात बायका आणि 80 रुपये उसने. त्यातून लिज्जत उभं राहिलं!" आमच्या सोसायटीतल्या पोरांना पाढे येत नाहीत, पण सात बायका आणि 80 रुपये तोंडपाठ आहेत. त्या बायकांनी पापड हौस म्हणून नव्हे, घराला हातभार म्हणून लाटले, असं मी एकदा म्हणून पाहिलं. नाना तोवर मुद्रा कर्जावर पोचले होते. "50 हजारांपर्यंत शिशु, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण." माझ्या कंदिलाला अजून दात आले नव्हते आणि नाना त्याला मिसरूड फोडायला निघाले होते.

माझं कंदिलाचं काम तसं रेंगाळत चालतं. कामट्या भिजवायच्या, कूस बोटात जाणार नाही इतपत तासायच्या, दोऱ्यानं चौकटी बांधायच्या. मग पतंगाचा कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ. खळ लागली की कागद ओला होऊन असा सुरकुततो, की दरवर्षी वाटतं, यंदा बिघडला. दिवा मालवून झोपायचं. रात्रभरात तो वाळून ढोलकीसारखा ताणला जातो. सकाळी चहाच्या आधी त्यावर एक टिचकी मारायची. टप्प! माझी मिळकत म्हणाल तर ती एवढीच.

नानांनी लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे हिशेब मांडला. दिवसाला 10 कंदील, महिन्याला 300, भाव 350. "1 लाख 5 हजार!"

"नाना, एका कंदिलाला माझ्या चार संध्याकाळी जातात."

"माणसं ठेव."

"मग मी काय करू?"

"तू देखरेख कर!"

म्हणजे कंदील करायला आवडतात म्हणून ते दुसऱ्यांकडून करून घ्यायचे आणि आपण त्यांच्या दांड्या मोजायच्या. पण नानांपुढे फार टिकता येत नाही. त्यांनी मला बाजाराचा अंदाज यावा म्हणून माहीमच्या कंदील गल्लीत नेलं. तिथल्या ढिगांपुढे मी गार पडलो आणि नाना पेटले. त्या वर्षी मी 12 कंदिलांची ऑर्डर घेतली.

एकाला पडद्याला जुळेल असा गुलाबी हवा होता. एका बाईंनी दारात उभं राहून झिरमिळ्या मोजल्या, तीन कमी निघाल्या. एका गृहस्थांनी विचारलं, "पावसात चालेल ना?" पतंगाचा कागद पावसात! बाराव्या कंदिलावर टिचकी मारायचं माझ्या लक्षातही राहिलं नाही. लक्ष्मीपूजनाला आमच्या स्वतःच्या गॅलरीत बायकोनं बाजारातून आणलेला प्लॅस्टिकचा कंदील लटकत होता. नानांना तो आवडला. त्यांनी किंमत विचारली.

भाऊबीजेनंतर फराळाचा डबा परत करायला त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर पांढरं फडकं आणि त्यावर एचएमटीचं जुनं 'जनता' उघडून ठेवलेलं. बशीत तिळाएवढे स्क्रू. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात केसासारखी कमान धरून नाना वाकले होते. कपाटाचं दार किलकिलं होतं, आत तसलीच पंधरा-वीस घड्याळं टिकटिकत होती. प्रत्येकाची वेळ वेगळी.

"हे किती दिवस चाललंय?"

"या एकाला तिसरा आठवडा." मान वर नाही.

"अजून कुणाकुणाची दुरुस्त करून देता?"

"छे! कुणाची कशाला?"

मी खुर्ची ओढली, खिशातून पाकीट काढलं, ते उलटं केलं आणि म्हटलं, "नाना, दिवसाला दोन धरली तर..."

"श्वास आवर," नाना म्हणाले. "स्क्रू उडेल."