आयर्न मॅन, मुक्काम उधना

पन्नाशी जवळ आली की माणसं गुडघ्याला तेल लावतात, नाहीतर प्लॉटमध्ये पैसे घालतात. मी कॉस्प्ले करायला लागलो.

पहिला विचार मावळ्याचा होता. पोट झाकायला बाराबंदी बरी. पण आमच्या हिने हात जोडले. ‘‘अहो, सुरतेत मावळा? 1664 आणि 1670, दोनदा येऊन गेलेत. तुमचे शेठ गल्ल्याला कुलूप लावतील.’’ मी रिंगरोडवर साडीच्या पेढीत हिशेब लिहितो, त्यामुळे मुद्दा पटला. मग भाचीने आयर्न मॅन ठरवून टाकला.

तसं यात नवीन काय? दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन भरलं 2011 साली. आपला बहुरूपी त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून खोटा फौजदार होऊन दारात उभा राहतोय. फक्त त्याला सोंगासकट चालता येतं.

देशभर साड्या धाडणाऱ्या गावात राहून माझ्या पोशाखात कापड औषधालाही नव्हतं. सगळा ईव्हीए फोम. शीट हीट गनने तापवायची, वाकवायची, फेविबॉन्ड लावून चिकटवायची. तापलेली शीट मांडीवर घेऊन वाकवू नये, हे मला नंतर मांडीने सांगितलं. खांदे असे भरले की घराबाहेर पडताना मला कपाटासारखं तिरपं करून काढावं लागलं.

रिक्षावाल्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘काका, टेम्पो करो.’’ गेलो मग छोट्या हाथीत, साड्यांच्या पार्सलांना टेकून उभा. सिग्नलला बाजूच्या बाइकवरून आवाज आला, ‘‘काका, नवरात्रीने तो हजी वार छे!’’

कॉस्प्ले स्पर्धेच्या हॉलबाहेर उतरलो तर समोर पायऱ्या. मांडी आणि पोटरीवर फोम असल्याने गुडघा वाकेना. बाजूला रॅम्प होता, पण त्यावर दोन मोपेड आणि स्वागताची कुंडी. तिथेच नातीची स्पर्धा बघायला आलेले एक आजोबा व्हीलचेअरवर थांबले होते. लोक मला मात्र मोकळेपणाने भेटत होते. एकाने न विचारता गळ्यात हात टाकून सेल्फी घेतला, दुसरा छातीवरचा दिवा चालू-बंद करून बघत होता. आजोबांशी कोणी बोलेना. जे काय विचारायचं ते त्यांच्या मुलाला, ‘‘यांना आत न्यायचंय का?’’

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तू तो उडणारा ना? मग गाडी उचल.’’

उचलली. म्हणजे मोपेड वीतभर सरकली आणि माझा उजवा हात कोपरापासून निखळून गर्दीत पडला. पाच-सहा जणांनी व्हिडिओ काढला. हात लावायला मात्र आजोबांचा मुलगा आणि कुल्फीवाला, एवढेच आले.

दुसऱ्या दिवशी पोशाखाची मापं घेतलेला टेप घेऊन मी तिथे परत गेलो. हिशेबनिसाची खोड, दुसरं काय. पायऱ्यांची उंची दीड फूट, रॅम्पची लांबी चार. नियम 1 ला 12 चा, म्हणजे अठरा फूट हवा. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आणि हॉल त्यानंतरचा. तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे. मोपेड नसत्या तरी आजोबांना चौघांनी उचलूनच न्यावं लागलं असतं.

तेव्हा मोपेडवाल्यांनो, गाडी दुसरीकडे लावा. फोटो काढण्याआधी विचारा, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्याशीच बोला. माझा उजवा हात कोणी घरी नेला असेल तर कृपया उधन्याला पोचवावा. रंग ओला आहे, सांभाळून धरा.