मोजणीदार

गेमिंगचा नवा प्रोसेसर बाजारात आला की दर सोसायटीत एकाच्या तरी अंगात येतं. वय पंचविशीच्या आसपास, नोकरी आयटीत, लग्नाचा विषय काढायची सोय नाही. २०२४च्या नोव्हेंबरात एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी आला, तेव्हा लॅमिंग्टन रोडचा दुकानदार याचा नंबर दिसला की फोन पोऱ्याच्या हातात देत असे.

खोका घरी येतो. वडील विचारतात, "किती कोअर?" (त्यांनाही आता एवढं कळतं.)

"आठ."

"आणि त्या इंटेलच्या अल्ट्रा ९ मध्ये?"

"चोवीस."

वडील चष्मा काढून पुसत बसतात. मग शिकवणी सुरू होते. गेमला कोअरची गर्दी नको, माहिती हाताशी हवी, म्हणून यात ९६ एमबीचा एल-थ्री कॅश. आधीच्या ७८००एक्स३डीत त्यातला जादा थर कोअरच्या डोक्यावर बसवला होता, त्यामुळे उष्णता वर जाताना अडायची. आता तो खाली सरकवलाय. आईला हे लगेच पटतं. मिसळणाचा डबा ओट्यावर असला की फोडणी टाकून माळ्यावर चढावं लागत नाही. "मग यात नवीन काय?" म्हणून ती कुकर बघायला जाते.

चाचणीच्या दिवशी त्या खोलीत सोवळं असतं. खिडक्या बंद, एसी एकाच आकड्यावर, मागे चालणारे सगळे प्रोग्रॅम हद्दपार. मग 'सायबरपंक २०७७'मधल्या एकाच रस्त्यावरून, त्याच वळणाने, त्याच वेगाने हा पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीचे आकडे एक्सेलमध्ये भरतो. सरासरीला तो भीक घालत नाही. "वन पर्सेंट लो सांग," म्हणजे सगळ्यांत रडत आलेल्या एक टक्का फ्रेमांचं काय झालं ते सांग. सरासरीच्या पदराआड सगळे झटके झाकता येतात. (हीच हुशारी पगारवाढीच्या वेळी एचआरसमोर दाखवली असती, तर बरं झालं असतं.)

पण खरी गंमत पुढेच. कर्ज काढून घेतलेलं ग्राफिक्स कार्ड, भिंतीएवढा फोर-के मॉनिटर, आणि त्यावर जुन्या-नव्या प्रोसेसरचे आकडे जवळपास सारखेच! कारण तिथे सगळा भार कार्डावर, प्रोसेसर नुसता हातावर हात ठेवून बसलेला. त्याला कामाला लावायचं तर कार्डाचं ओझं उतरवायला हवं. पद्धत चोख आहे, त्यात खोट काढता येणार नाही. म्हणून हा रेझोल्यूशन १०८०पीवर आणतो, सावल्या पुसतो, पाण्यातली प्रतिबिंबं घालवतो, झाडांची पानं झडवतो. चित्राची पार रया जाते, आणि फ्रेमांचा आकडा उड्या मारत वर चढतो. गेम जितका भकास, तितका याचा चेहरा उजळलेला.

सुट्टीला आलेला मामेभाऊ मात्र खुर्चीत बसतो आणि चक्क खेळायलाच लागतो. हा मागे उभा, डोळे कोपऱ्यातल्या आकड्यांवर.

"ए, त्या बाजारात शिरू नकोस! गर्दीत फ्रेम पडतात."

"अरे दादा, पण गुंड तिकडेच पळालाय!"

"पळू दे. तू मागे फिर, ही फेरी बाद."