साडेसात नंबरची चप्पल

दहावीच्या बीजगणितात मध्य, मध्यक आणि बहुलक एकाच प्रकरणात नांदतात, पण बाहेरच्या जगात मान सगळा मध्याला, म्हणजे आपल्या सरासरीला. हा मान तिला जरा जास्तच मिळतो. समजा, एका दुकानात नऊ नोकरांना महिना २०,००० रुपये पगार आहे आणि मालक स्वतः ८,२०,००० उचलतो. बेरीज दहा लाख, भागिले दहा, सरासरी एक लाख. नऊ माणसं बसल्या जागी लखपती झाली. फक्त हे त्यांच्या बँकेला कोणी कळवलेलं नाही. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला बघितला, तर मध्यक २०,०००. मालकाने उद्या स्वतःचा पगार दुप्पट केला तरी मध्यक जागचा हलत नाही. सरासरी मात्र १,८२,००० वर जाते आणि नोकरांच्या वतीने पेढे वाटत सुटते.

‘सरासरी माणूस’ ही कल्पना बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी १८३५ मध्ये मांडली. पुढे अमेरिकी हवाई दलाने विमानातली बैठकही याच सरासरी गृहस्थाच्या मापाने बेतली. मग हवाई दलातल्याच गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांची दहा मापं तपासली. थोडं इकडे-तिकडे चालेल अशी सूट देऊनही, दहाही मापांत सरासरी ठरणारा वैमानिक एकसुद्धा निघाला नाही. १९५२ च्या अहवालात हे छापून आलं. ज्याच्यासाठी खुर्ची केली, तो जन्मालाच आलेला नव्हता.

यावर कोणी म्हणेल, मध्यक तरी कुठला मोठा न्यायी? मालकाच्या पगाराकडे तो ढुंकूनही बघत नाही. कबूल. शिवाय सरासरीला माणसांच्या संख्येने गुणलं की बेरीज जशीच्या तशी हाती येते. ही सोय मध्यकाकडे नाही. पंगतीच्या आचाऱ्याला तीच लागते: माणशी सरासरी भात गुणिले पाचशे पानं. कोणी आडवा हात मारतो, कोणी डाएटवर असतो. दोघं मिळून हिशेब जुळवतात. पण हेच गणित करून चप्पलवाल्याने सगळा माल साडेसात नंबरचा भरला, तर सहाच्या आणि नऊच्या पायांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं कसं? त्याला बहुलकच हवा, म्हणजे सर्वांत जास्त खपणारा नंबर. थोडक्यात, जे एकमेकांत वाटून घेता येतं तिथे सरासरी खरी. भात वाटता येतो. चप्पल, उंची वाटता येत नाही. आणि मालकाचा पगार वाटता येतो, पण तो वाटत नाही.