'स्टॉप मेकिंग सेन्स' घरी कसा पाहावा : नवशिक्यांसाठी

आधी सामग्री. पडदा ऐपतीप्रमाणे, आवाज शेजाऱ्यांच्या ऐपतीप्रमाणे आणि सलग ८८ मिनिटं. सोफा आणि टीपॉय भिंतीला सरकवून ठेवावेत. कारण सहाव्या गाण्याला कळेल. जाणकार मित्राला शक्यतो बोलावू नये. बोलावलाच, तर एवढंच सांगू द्यावं : टॉकिंग हेड्स हा अमेरिकी बँड, डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजिस थिएटरात त्यांचे प्रयोग जोनाथन डेमीने चित्रित केले आणि १९८४ मध्ये त्याचा सिनेमा आला. याच डेमीने पुढे 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' केला, हे सांगायला त्याने तोंड उघडलं की चिवड्याची वाटी पुढे करावी.

सुरुवात पायांपासून होते. पांढरे कॅनव्हासचे बूट चालत माइकपाशी येतात, शेजारी कॅसेट प्लेअर टेकवला जातो. मग कॅमेरा वर चढतो आणि बुटांचा मालक दिसतो : डेव्हिड बर्न. नवशिके इथेच बिचकतात. रंगमंच उघडाबोडका, मागे शिडी, बाकी बँडचा पत्ता नाही. 'अजून मांडामांड चाललीय, आपणच लवकर आलो,' असं वाटतं. रिमोटला हात लावू नये. मांडामांड हाच कार्यक्रम आहे.

गडी एकटाच गिटारवर गातो, ताल त्या डब्यातून येतो. (खरं तर तो मिक्सरला जोडलेल्या ड्रम मशीनमधून येतो. पण हे पहिल्या खेपेला कुणाला सांगू नये.) गाणं संपता संपता मशीन गोळ्या झाडल्यासारखे ठोके टाकतं, आणि दर ठोक्याला बर्न धडपडतो, तिरपा होतो, पडता पडता सावरतो, पुन्हा चालायला लागतो. हसावं की धावत जाऊन धरावं, ते आपापल्या स्वभावावर आहे.

पुढची मंडळी हप्त्याहप्त्याने येतात. दुसऱ्या गाण्याला टीना वेमथ बास घेऊन येते. तिसऱ्याला ड्रम्सचा अख्खा चौथरा ढकलत आणतात आणि क्रिस फ्रान्झ त्यावर जाऊन बसतो. चौथ्याला जेरी हॅरिसन. मग लिन मॅब्री आणि एडना होल्ट या कोरसच्या दोघी, तालवाद्यांपाशी स्टीव्ह स्केल्स. अ‍ॅलेक्स वेअर आणि बर्नी वॉरेल आले की संच पुरा होतो. तोवर सहावं गाणं उजाडलेलं असतं.

आता मुख्य सराव. बर्नकडे पाहायचं नाही. हे अवघड आहे, कारण तो जागच्या जागी धावतो, मान कोंबडीसारखी पुढेमागे करतो, एका गाण्यात तर रंगमंचाला फेऱ्या मारत सुटतो. त्याचं काम लक्ष खेचण्याचं आहे. आपण फसू नये. सुरुवातीला काळ्या कपड्यांतल्या बॅकस्टेजवाल्यांवर नजर ठेवावी. बाकी ठिकाणी त्यांना लपवण्यात अर्धं बजेट जातं. इथे ते भर गाण्यात चौथरे ढकलतात, वाद्यं लावतात आणि निघून जातात. एवढं जमलं की वेमथ. आणि तेही जमलं की कीबोर्डमागचा वॉरेल : पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडमधून आलेला हा माणूस फारसा हलतही नाही, आणि अर्धं गाणं त्याच्या बोटांत असतं. नायक कोण ते पोस्टर सांगतंच. बँड कसा उभा राहतो, ते मात्र बाकीच्यांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

दिव्याबद्दल सूचना. एका प्रेमगीतात बर्न दिवाणखान्यातल्या उभ्या दिव्याबरोबर नाचतो. दिवा कलतो, कोसळेल असं वाटतं, शेवटच्या क्षणी हात येतो. घरी करायचं असल्यास आधी प्लग काढावा.

मध्येच बर्न गायब होतो आणि वेमथ-फ्रान्झ हे नवरा-बायको आपल्या दुसऱ्या बँडचं, टॉम टॉम क्लबचं, गाणं लावतात. याला मध्यंतर समजून चहा टाकू नये. बर्न कपडे बदलायला गेलाय, आणि ते कपडे येताना बघायलाच हवेत : कपाटाएवढा राखाडी सूट. कल्पना जपानच्या नो नाटकातल्या पोशाखांवरून आलेली. आतल्या माणसाने हालचाल थांबवली तरी कापड आपलं हलतच राहतं. डोकं लहान दिसावं म्हणून अंग मोठं केलं, असा बर्नचा खुलासा आहे. यात तर्क शोधू नये. सिनेमाचं नाव पुन्हा वाचावं.

प्रेक्षक शेवटच्या गाण्यापर्यंत जवळजवळ दिसतच नाहीत. हा कंजूषपणा नाही. समोरचं कसं वाटतंय, हे पडद्यावरच्या गर्दीने सांगू नये, ते आपलं आपण ठरवावं, असा डेमीचा हिशेब होता. २०२३ मध्ये नवी ४के प्रत आली तेव्हा लोक खुर्च्या सोडून थिएटरातच नाचले. टोरोंटो महोत्सवात तर बर्न, वेमथ, फ्रान्झ आणि हॅरिसन हे १९९१ मध्ये फाटाफूट झालेले बँडचे चौघेही एका मंचावर येऊन बसले. त्या भांडणाचा इतिहास मोठा आहे, पण सिनेमा चालू असताना तो काढणं म्हणजे लग्नात वाटण्यांचा विषय काढणं.

एक दुष्परिणाम मात्र सांगून ठेवतो. यानंतर दुसरी कुठलीही कॉन्सर्ट फिल्म लावली की डोळे मिटून ओठ हलवणारी प्रेक्षक मुलगी दर दहा सेकंदांनी पडद्यावर येते, आणि आता ती खटकते. त्यावर अजून औषध निघालेलं नाही.