चिखलाची छपाई

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवर बगरू लागतं. इथले छीपा काळी माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचं पीठ एकत्र कालवतात, त्या चिखलात लाकडी ठसा बुडवून कापडावर मारतात, वर भुसा भुरभुरतात आणि वाळलं की कापड निळीच्या हौदात सोडतात. चिखलाखालच्या जागेला रंग चढत नाही. याला दाबू म्हणतात. कापडावर फार देखणी दिसते ही छपाई. सप्टेंबर 2017 मध्ये मात्र जयपूरच्या सचिवालयाने ती वर्तमानपत्रांवर करून पाहायचं ठरवलं.

राजस्थानातल्या वसुंधराराजेंच्या भाजप सरकारने वटहुकूम काढला. आजी-माजी न्यायाधीश असो, दंडाधिकारी असो की सरकारी नोकर, तक्रार आली तरी मंजुरीशिवाय चौकशी नाही. मंजुरीचा विचार करायला 180 दिवस. तोवर साहेबांचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांचा तपशील यातलं काही छापलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे बातमीदाराने लिहायचं, 'एका खात्यातल्या एका अधिकाऱ्याने एके ठिकाणी काहीतरी केलं, असं कोणीतरी म्हणतं.' वाचकाने आपापल्या सोयीने संतापावं. हेतू अर्थात उदात्त होता : खोट्या तक्रारींपासून प्रामाणिक अधिकाऱ्यांचं रक्षण. निवडणूक वर्षभरावर आली की सरकारांना प्रामाणिक माणसांची अशी काळजी लागते.

आपण फार हसू नये. मंजुरीशिवाय चौकशीचा आदेश नको, ही तरतूद महाराष्ट्राने 2016 मध्येच लागू केली होती. मुदत तीन महिने. राजस्थानने मुदत दुप्पट केली आणि छापण्यावर बंदी वरून घातली. राजे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या लेक, मूळ गाव साताऱ्याकडचं कण्हेरखेड. तेव्हा गावाकडचा आहेर समजा.

वटहुकुमाच्या जागी आणलेलं विधेयक 23 ऑक्टोबरला विधानसभेत आलं आणि ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रवर समितीकडे गेलं. 1 नोव्हेंबरला 'राजस्थान पत्रिका'च्या गुलाब कोठारींनी अग्रलेख लिहिला, 'जब तक काला, तब तक ताला'. कायदा मागे घेईपर्यंत मुख्यमंत्र्यांची बातमी बंद! 16 नोव्हेंबरला, राष्ट्रीय पत्रकार दिनी, अग्रलेखाची जागा कोरीच सोडली. सरकारला हवा होता तसा, कोणाचंही नाव नसलेला मजकूर अखेर छापून आला. तो सरकारला आवडला नाही.

1 फेब्रुवारी 2018 ला अजमेर, अलवर आणि मांडलगढ या तिन्ही पोटनिवडणुका भाजप हरला. त्याच महिन्यात विधेयक मागे घेण्याची घोषणा झाली. डिसेंबरात सत्ताही गेली, बगरूची जागाही.

धडा दिल्लीपर्यंत पोचला नसावा. लोकसभेच्या तोंडावर, फेब्रुवारी 2019 मध्ये, 'द हिंदू'त एन. राम यांनी राफेल विमान-खरेदीवरच्या, संरक्षण मंत्रालयातल्या टिपणांच्या बातम्या दिल्या. महान्यायवादी वेणुगोपाल 6 मार्चला सर्वोच्च न्यायालयात म्हणाले, कागद चोरीला गेले. दोन दिवसांनी म्हणाले, चोरी नाही हो, झेरॉक्स! मूळ कागद कपाटात सुखरूप, फक्त त्यांची अब्रू तेवढी बाहेर गेलेली. न्यायालयात ते कागद खोटे असल्याचा दावा मात्र झाला नाही. ते पुरावा म्हणून पाहू नयेत हा सरकारचा आक्षेप 10 एप्रिलला न्यायालयाने फेटाळला, 11 ला पहिल्या टप्प्याचं मतदान झालं.

दिल्लीतलं सरकार आणखी मोठ्या बहुमताने परत आलं. नोव्हेंबरात राफेलच्या पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. कागद छापले म्हणून ना देश बुडाला, ना सरकार. मग एवढं घाबरायचं काय होतं, ते तेवढं कोणीतरी सांगा. नाव छापणार नाही.