कॅश की कॅशलेस : एक शास्त्रोक्त संवाद

डोंबिवली पूर्वेतील बहुतेक सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये एक निवृत्त गृहस्थ असे असतात, की ज्यांना शासन निर्णय, विमा कंपन्यांच्या अटी आणि लोकलचे वेळापत्रक ही तिन्ही शास्त्रे सारखीच मुखोद्गत असतात, आणि संस्थेत कोणाच्याही घरी आजारपण आले की डॉक्टरांच्या आधी त्यांचा सल्ला घेतला जातो. पुढील संवादात त्यांना ‘जाणकार’ म्हटले आहे. दुसरे पात्र ‘नातेवाईक’ हे होय. रुग्णालयीन व्यवहारात नातेवाईक म्हणजे रुग्णाशी रक्ताचे नाते असणारी व्यक्ती नव्हे, तर ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ या प्रश्नाला बेसावधपणे उत्तर देऊन जी बिलाची धनी होते ती व्यक्ती. तिसरे पात्र ‘खिडकी’ असून, तिच्यामागचा माणूस पाळीनुसार बदलतो आणि खिडकी मात्र तीच राहते, म्हणून पात्राचा मान तिलाच दिला आहे. या तिघांपैकी कोणीही प्रथमपुरुषी सर्वनाम वापरत नाही. त्याचे कारण शैलीत नसून अर्थकारणात आहे: रुग्णालयाच्या आवारात जो ते उच्चारतो, त्याच्याकडे पावतीपुस्तक वळते.

खिडकी : भरती अवश्य होईल, तत्पूर्वी एवढेच सांगावे, की कॅश की कॅशलेस?

नातेवाईक : रुग्णाचे वय ६८ असून अँजिओग्राफीत हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली आढळली आहे, आणि आठवडाभरात अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद जागी फुगा फुगवून स्टेंट नावाची जाळीदार नळी बसवण्याची प्रक्रिया, करून घ्यावी असा सल्ला मिळाला आहे. ही माहिती त्या प्रश्नाच्या उत्तरात कुठे बसते?

खिडकी : ती माहिती तिसऱ्या मजल्यावर घेतात. तळमजल्यावर एवढाच प्रश्न असतो.

नातेवाईक : काका, या दोन शब्दांतील भेद आधी स्पष्ट व्हावा.

जाणकार : कॅशलेस म्हणजे विमा कंपनीने, तिच्या वतीने कागद तपासणाऱ्या त्रयस्थ प्रशासकामार्फत, रुग्णालयाला थेट रक्कम देणे, कॅश म्हणजे उरलेले सर्व प्रकार, मग ती रक्कम कार्डाने दिलेली असो, भिशीतून उचललेली असो, पतपेढीतून आणलेली असो किंवा वहिनींच्या पाटल्या तारण ठेवून उभी केलेली असो. बाबांची पॉलिसी किती रकमेची आहे?

नातेवाईक : तीन लाखांची. ती घेतली तेव्हा ही रक्कम इतकी भव्य वाटली होती, की त्यानंतर काही वर्षे पॉलिसीची अटीपत्रिका कोणी उघडून पाहिली नाही.

जाणकार : उघडली असती तर खोलीभाड्याची मर्यादा दिसली असती. अशा जुन्या पॉलिसीत खोलीचे दिवसाचे भाडे विमारकमेच्या एक टक्क्यापर्यंतच मान्य असते, म्हणजे या घरात ३,००० रुपये. आणि तू पसंत केलेली खोली आहे ६,००० रुपयांची.

नातेवाईक : वरचे तीन हजार घरातून भरता येतील. बाबांना खिडकीतून एखादे झाड दिसावे, एवढीच त्यामागची भावना आहे.

जाणकार : भावना योग्य आहे, हिशेब चुकीचा आहे. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की ‘प्रमाणशीर कपात’ लागू होते, म्हणजे खोलीभाडे जितक्या पटीने जास्त, तितक्या प्रमाणात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क आणि शुश्रूषेचा खर्चही विमा कंपनी कापून देते. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेले साहित्य या कपातीतून वगळलेले असते, एवढीच दया. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतल्यावर त्या इतर खर्चाचा निम्मा भाग बाबांच्या झाडाकडे जातो.

नातेवाईक : झाड निलगिरीचे आहे. तेवढ्यात तर माथेरान झाले असते.

प्रस्तुत ठिकाणी हे नोंदवणे आवश्यक आहे, की नातेवाइकाची अवस्था अडाणीपणाची नाही. तो वागळे इस्टेटमधील एका कंपनीत हिशेबनीस असून दिवसभर दुसऱ्यांच्या ताळेबंदात एका रुपयाची चूक शोधत असतो. मात्र आपल्या घरच्या आजारपणात खर्चाचा प्रश्न काढणे हे पित्याच्या जिवाची किंमत करण्यासारखे आहे, अशी मध्यमवर्गीय समजूत त्याच्याही मनात असल्यामुळे तो दर विचारत नाही, फक्त ‘चांगल्यातले चांगले करा’ असे म्हणतो. या वाक्याचा बिलावर होणारा परिणाम कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात दिलेला नसतो.

जाणकार : ‘चांगल्यातले चांगले’ म्हणण्याआधी दरपत्रक पाहिले होतेस का? २०२१ साली सुधारलेल्या राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार प्रमुख सेवांचे दर आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे.

नातेवाईक : दर्शनी भागात गणपतीची मूर्ती, कारंजे आणि वातानुकूलित शांतता आढळली. फलक असल्यास तो कारंज्यामागे असावा.

खिडकी : फलक आहे. साफसफाईसाठी काढला आहे.

नातेवाईक : निदान स्टेंटची किंमत तरी शासनाने बांधलेली आहे, असे वाचनात आले होते.

जाणकार : बरोबर वाचलेस. पूर्वी औषधलेपित स्टेंट लाखाच्या वर विकले जात. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने त्यांची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली आणि तिच्यात निर्देशांकानुसार वाढ होत असते. परंतु स्टेंटची किंमत बांधली, तरी तो बसवण्याची, बसवणाऱ्याची आणि बसवल्यावर झोपण्याची किंमत मोकळीच राहिली, आणि पाणी जसे उताराकडे धावते तसे बिल मोकळ्या रकान्याकडे धावते. सगळेच रकाने बांधण्याचा प्रयोग महाराष्ट्रात एकदा झाला होता. मे २०२० मध्ये करोनाच्या रुग्णांसाठी खासगी रुग्णालयांना साध्या विभागात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये अशी मर्यादा घालण्यात आली आणि बिले तपासायला लेखापरीक्षक बसवले गेले. दर बांधता येतात हे त्या वेळी पुरेसे सिद्ध झाल्यामुळे तो प्रयोग पुन्हा करण्याची गरज कोणाला वाटली नसावी.

नातेवाईक : मग ज्येष्ठ नागरिकांचे आयुष्मान कार्ड? ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता ते मिळते, असे भजनी मंडळात सांगितले गेले.

जाणकार : ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना मिळते. बाबांची रक्तवाहिनी दोन वर्षे लवकर अरुंद झाली.

नातेवाईक : कामगार विमा?

जाणकार : कर्मचारी राज्य विमा योजना, जिचे रुग्णालय तुझ्या कचेरीजवळ वागळे इस्टेटमध्येच आहे, ती दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी आहे, आणि ती मर्यादा जानेवारी २०१७ पासून आहे. तुझे वेतन ती ओलांडून गेले तेव्हा तू संस्थेत पेढे वाटले होतेस.

नातेवाईक : धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटा?

जाणकार : सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांनी, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात, आणि त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. सवलतीच्या खाटेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख ६० हजारांपर्यंत चालते. तुझे वेतन किती?

नातेवाईक : दरमहा ३१,०००. गेल्या एप्रिलमध्ये दीड हजारांची वाढ झाली.

जाणकार : म्हणजे वर्षाचे ३ लाख ७२ हजार. वाढ होण्यापूर्वी ३ लाख ५४ हजार होते आणि तू दुर्बल होतास. त्या दीड हजारांनी तुला सबळ केले.

नातेवाईक : काका, वाढ परत करण्याचा काही अर्ज असतो का?

जाणकार : अर्ज असतो, खिडकी नसते. त्यापेक्षा सरकारी वाट पाहावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. मात्र कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये असल्याने ती त्या निर्णयात येत नाहीत, आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय राज्याचे असल्याने येते. पुढे कळव्याला ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीवला लोकमान्य टिळक, परळला १९२६ सालचे केईएम आणि कर्करोगासाठी टाटा. कळवा, शीव आणि परळ या तिन्ही स्थानकांवर बहुतेक जलद लोकल थांबत नाहीत. सबब सार्वजनिक आरोग्यसेवा ही मूलतः धीम्या मार्गावरची सेवा आहे.

नातेवाईक : कळव्याचे नाव काढले की घरात ऑगस्ट २०२३ ची आठवण निघते.

जाणकार : एका दिवसात १८ रुग्ण दगावले होते, ही आठवण निघणारच. त्यांतील काही रुग्ण खासगी रुग्णालयांतून अत्यवस्थ स्थितीत आले होते, असे तेव्हा सांगितले गेले. ते सांगणे कितपत खरे हा वेगळा प्रश्न. परंतु पैसे असेपर्यंत खासगी आणि संपल्यावर कळवा, हा प्रवास या भागात कोणाला नवा नाही.

काही क्षण दोघेही बोलत नाहीत. या काळात खिडकीने अनामत रकमेचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवला.

नातेवाईक : बाबांचे म्हणणे असे आहे, की त्यांनी खर्च आधीच कमी करत आणला आहे. रक्तदाबाची गोळी ते सहा महिने एक दिवसाआड घेत होते, असे काल उघड झाले.

जाणकार : गोळी महिन्याला किती रुपयांची?

नातेवाईक : साठ रुपयांची. जनऔषधी केंद्रात तीच आणखी स्वस्त मिळाली असती.

जाणकार : साठातले तीस वाचवून त्यांनी हा तळमजला गाठला तर. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. न घेतलेल्या गोळीचा रकाना त्या लेख्यांत नसतो.

नातेवाईक : तेव्हा अंतिम योजना अशी ठरते: पतपेढीतून दोन लाख, कार्यालयाकडून उचल, भविष्य निर्वाह निधीतून काही रक्कम, आणि माजी नगरसेवकाचे एक शिफारसपत्र.

(माजी यासाठी, की कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपल्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहरात आजी नगरसेवक हा प्रकारच शिल्लक नव्हता, आणि रुग्णांनी बिलात सवलत मागताना माजींचीच सवय लावून घेतली.)

जाणकार : एका योजनेचे नाव तू मुद्दाम घेत नाहीस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती. १ जुलै २०२४ पासून तिच्यात पांढरी शिधापत्रिकाही आली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळाले. तिला वयाची अट नाही, वेतनाची नाही, आणि अँजिओप्लास्टी तिच्या यादीत आहे.

नातेवाईक : ती गरिबांची योजना आहे, काका.

जाणकार : पतपेढीचे कर्ज श्रीमंतांचे असते काय?

नातेवाईक : कर्ज कोणाला दिसत नाही. योजनेच्या रांगेत मात्र संस्थेतील कोणी पाहिले, तर बाबांना काय वाटेल?

जाणकार : संस्थेतील जे पाहतील, ते त्याच रांगेत उभे असतील. जो खर्च राज्य करदात्यांच्या पैशातून करते आणि ज्यात तुझ्या दरमहाच्या किराण्यावरचा करही आहे, तो घेण्यात लाज. आणि तारणावर व्याज भरण्यात प्रतिष्ठा. ही प्रतिष्ठा परवडत नाही, हे हिशेबनिसाला कळू नये?

येथे जाणकाराची बाजू पूर्णतः निर्दोष नाही, हेही नमूद केले पाहिजे. योजनेत उपचाराचा दर आधीच ठरवलेला असतो, त्याला ‘पॅकेज’ म्हणतात, आणि तो दर अपुरा असल्याची व पैसे उशिरा मिळत असल्याची तक्रार रुग्णालये करीत असतात. त्यामुळे अनेक खासगी रुग्णालये योजनेत सामील, म्हणजे ‘अंगीकृत’, होत नाहीत, आणि जी होतात तेथे खाटेसाठी थांबावे लागू शकते.

नातेवाईक : ही योजना या रुग्णालयात आहे का?

खिडकी : नाही. येथे कॅश आणि कॅशलेस.

जाणकार : मग अनामत भरू नये. अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा कर्मचारी बसतो; त्याच्याकडे शिधापत्रिका आणि आधार देऊन भरतीच्या वेळीच नोंद करायची असते. डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली आहे, तोवर गोळी रोजच्या रोज द्यावी. शिधापत्रिका कुठे आहे?

नातेवाईक : गॅस जोडणी घेतली तेव्हा शेवटची दिसली होती.

जाणकार : ती शोधणे हा उपचाराचा पहिला टप्पा समज.

खिडकी : साहेब, चिठ्ठीवरच्या आकड्यात दहा टक्के कमी करता येतील.

जाणकार : पाहिलेस? दर बांधलेले नाहीत म्हणतात ते असे.

अंगीकृत रुग्णालयांची माहिती १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर मिळते; तो फोन खिडकीवर अनामत भरण्यापूर्वी करावा.