वॅटचा आकडा आणि भरिताचे वांगे

भरितासाठी बामणोदचे वांगे घेताना देठ, वजन आणि सालीची तकाकी पारखणारा खानदेशी गृहस्थ जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर दहा-पंधरा हजारांत स्पीकरची जोडी घ्यायला निघाला की मात्र खोक्यावरच्या आकड्यावर भाळतो. आणि तो आकडा बहुधा ‘पीएमपीओ’चा, म्हणजे क्षणार्धापुरत्या कमाल शक्तीचा असतो, तर सतत पेलवणारी शक्ती सांगणारा ‘आरएमएस’ वॅटचा आकडा, छापलाच असेल तर, तळाशी मुंगीच्या अक्षरांत सापडतो. वॅट दुप्पट केल्याने आवाजाची पातळी जेमतेम 3 डेसिबलने वाढते, हे भौतिकशास्त्र दुकानाच्या काउंटरपर्यंत अद्याप पोहोचलेले नाही. (तेथील परीक्षा एकाच गाण्यावर होते, आणि तेही ढोलाचे.)

घरी आल्यावर ‘स्टिरिओ’, म्हणजे डाव्या-उजव्या आवाजांतील फरकातून वाद्यांच्या जागा कानाला भासवण्याची युक्ती, गृहव्यवस्थेच्या स्वाधीन होते: दोन स्पीकर आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा अशी अपेक्षा असताना एक स्पीकर कपाटाच्या माथ्यावर पापडांच्या डब्याशेजारी चढतो, दुसरा सोफ्यामागे दडतो, आणि दोघांच्याही जाळीवर क्रोशाचा जाड रुमाल पडून झांजेची किणकिण तेथेच अडते. उघडी फरशी आवाज घुमवते, त्यावर सतरंजी हा स्वस्त इलाज आहे. परंतु मे महिन्यात त्याचीही गरज उरत नाही, कारण निवासी भागासाठी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलेली दिवसाची 55 डेसिबलची मर्यादा खोलीतल्या खोलीत कूलरच गाठून देतो.